वाचक विचारतात : ब्रेकमधली वीज जाते कुठे?

प्रश्न : नागपूर मेट्रो ब्रेक लावताना वीज परत करते असे ऐकले. लंडनच्या भुयारी गाड्यांत हे 1937 मध्येच होते म्हणतात. मग ते काढून का टाकले? (धंतोली, नागपूर)

उत्तर : खरे आहे. तिथल्या 'ओ स्टॉक' गाड्यांत मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीचे मेटाडाइन होते. एरवी गाडी सुटताना मोटरींचा करंट रोखणारे रेझिस्टन्स टप्प्याटप्प्याने काढतात; तोवर बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते आणि प्रत्येक टप्प्याला हिसका बसतो. मेटाडाइन हे सतत फिरणारे यंत्र. ब्रशांच्या दोन जोड्या एकमेकींशी काटकोनात. त्याला ठरावीक व्होल्टेज दिले की मोटरींना ठरावीक करंट मिळतो, म्हणून गाडी हिसका न देता सुटते. ब्रेक लावताना मोटरी जनरेटर होतात आणि मेटाडाइन त्यांचे कमी व्होल्टेज वीज पुरवणाऱ्या रुळाच्या व्होल्टेजपर्यंत चढवते. त्यामुळे वेग बराच उतरला तरी वीज परत जाते.

पण परत आलेली वीज घेणारा कुणीतरी हवा. वीजपुरवठ्याच्या त्याच भागात दुसरी गाडी वेग घेत असेल तर ठीक. नसेल तर रुळातले व्होल्टेज चढते आणि काम हवेच्या ब्रेकवर टाकावे लागते. सबस्टेशनात एसीचे डीसी करणारे फिरते यंत्र, म्हणजे रोटरी कन्व्हर्टर असेल तर वीज उलटी वाहू शकते. तेच काम करणाऱ्या पाऱ्याच्या रेक्टिफायरमधून ती एकाच दिशेने जाते. त्यात मेटाडाइन जड, उभ्या गाडीतही फिरणारे, ब्रश-कम्युटेटरची देखभाल मागणारे. 1955 पासून त्याजागी हवेने फिरणारे कॅमशाफ्ट कंट्रोल, म्हणजे पुन्हा रेझिस्टन्स टप्प्याटप्प्याने काढणारे, बसवले. कल्पना उत्तम होती, हे मात्र ठामपणे सांगायला हवे. आपल्या मेट्रोत 25 केव्ही एसी आहे. तिथे शेजारी गाडी नसली तरी वीज ट्रान्सफॉर्मरमधून ग्रिडकडे जाऊ शकते.

प्रश्न : जुन्या गाड्यांत ब्रेकसाठी पारा का वापरत? (महाल, नागपूर)

उत्तर : बिडाच्या ब्रेक-ब्लॉकचे घर्षण वेग उतरेल तसे वाढते, ब्रिटिश अभियंता गॅल्टनच्या 1878 च्या चाचण्यांत ते दिसले. हवेचा दाब तोच ठेवला तर थांबता थांबता चाक जाम होते, घसरते आणि त्यावर सपाट चट्टा पडतो. 1938 च्या ट्यूब गाड्यांत यासाठी पाऱ्याच्या नळ्या होत्या. ब्रेक लागला की पारा पुढे सरकतो. एका मर्यादेला विजेचा संपर्क जुळून दाब वाढणे थांबते, त्याहून पुढे गेल्यास थोडी हवा सुटते.

उतारावर पारा आधीच पुढे झुकलेला असतो, म्हणून तो ब्रेकचा दाब लवकर रोखतो आणि थांबायला अंतर जास्त लागते. हा दोष वाटतो, पण नळी मोजते ती ब्रेकची ओढ, आणि चाक घसरणार की नाही हे त्या ओढीवरच ठरते.

तत्त्व घरी समजून घ्यायला पारा नको, तो विषारी आहे. पारदर्शक नळी यू आकारात वाकवा, दोन भुजांत 20 सेंमी अंतर ठेवा, रंगीत पाणी भरा. मेट्रोत भुजा गाडीच्या दिशेने पुढे-मागे येतील अशी धरा. वेग दर सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंद या दराने उतरत असेल, तर पुढच्या भुजेतले पाणी मागच्यापेक्षा सुमारे 2 सेंमी वर दिसेल. नळी फार रुंद घेऊ नका, पाणी हिंदकळत राहते आणि आकडा वाचता येत नाही.