व्हीलचेअरचं बटण लावलं की झालं का?

प्रश्न : आमच्या छोट्या वाचनालयाची वेबसाइट नव्यानं करून घेतली. दिव्यांग वाचकांनाही ती वापरता यावी, असं मी सांगितलं होतं. साइट करणाऱ्यानं कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं बटण बसवून दिलं. ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात. ‘आता साइट शंभर टक्के ॲक्सेसिबल’ असं तो म्हणतो. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. तुम्ही पत्ता दिला होता म्हणून साइट उघडून बसले. मला दिसत नाही. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, माझं सगळं काम चालतं. तुमच्या सभासद अर्जावर टॅब दाबत गेले, तर कानावर आलं ते असं : ‘एडिट, एडिट, बटण, बटण.’ कसलं एडिट, कुठलं बटण, कळायला मार्ग नाही. चौकटीच्या वर ‘नाव’, ‘फोन’ असं छापलेलं आहे, पण ते डोळ्यांपुरतं. कोडमध्ये त्या शब्दाची आणि त्या चौकटीची गाठ घातलेली नाही. ‘लेबल’ या टॅगनं, म्हणजे कोडमधल्या खुणेनं, ती घालता येते, त्याला फार वेळ लागत नाही. मग मी अंदाजानं अर्ज भरून पाठवला. काहीच झालं नाही. शेजारी बसलेल्या भाचीनं सांगितलं, ‘मावशी, एक चौकट लाल झालीये.’ लाल कशासाठी, ते तिलाही कळेना. चूक शब्दांत सांगितली असती, तर तिचंही काम झालं असतं आणि माझंही.

शीर्षकांचं तसंच. मोठं पान आलं की आम्ही एच हे अक्षर दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. तुमच्याकडे एच दाबला की ‘पुढे शीर्षक नाही’ एवढंच उत्तर. शीर्षकं दिसतात म्हणे, पण ती नुसती ठळक, मोठ्या अक्षरांत केलेली आहेत. शीर्षकाचा टॅग एकालाही नाही.

यातलं ते कोपऱ्यातलं बटण काय दुरुस्त करतं? ज्यांना अक्षरं मोठी लागतात त्यांनी ती सोय आपल्या फोनमध्ये, ब्राउझरमध्ये आधीच करून घेतलेली असते. तुमच्या साइटपुरती ती निराळी शिकायची कशाला? त्यात तुमच्या बटणाला स्वतःचा आवाज आहे. तो सुरू झाला की माझा स्क्रीन रीडर आणि तो, दोघं एकदम कानात बोलतात. आणि हो, त्या बटणालाही नाव नाही. मला ते ‘बटण’ एवढंच ऐकू येतं.

साइट करणाऱ्याशी वाद घालू नका. माउस बाजूला ठेवून त्याला तुमच्यासमोर फक्त कीबोर्डवर अर्ज भरायला सांगा. आत्ता आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट टॅबबरोबर सरकताना दिसली पाहिजे. ‘शोभत नाही’ म्हणून पुष्कळ जण ती काढून टाकतात. डोळ्यांना दिसतं, पण हात थरथरतात म्हणून माउस धरता येत नाही, अशा माणसाची वाट तिथेच बंद होते. लेखी मागायचं असेल तर डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे साइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीचे नियम, त्यांची ‘डबल ए’ पातळी मागा. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं ही आवृत्ती २०२३ मध्ये काढली.

प्रश्न : फोटोच्या ‘आल्ट’मध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, काय लिहायचं? मी सगळीकडे ‘फोटो’ असं लिहिते.

उत्तर : चित्र आहे हे स्क्रीन रीडर आपणहून सांगतो; तुमच्यामुळे ते दोनदा ऐकावं लागतं. फोटो तिथे कशासाठी टाकला, ते लिहा. वक्त्याच्या ओळखीशेजारी त्याचा फोटो असेल तर नाव पुरे. तोच फोटो व्याख्यानाच्या वृत्तांतात असेल तर ‘भरलेल्या सभागृहात बोलताना अमुक’ हे हवं. लोगोवर टिचकी मारून मुख्य पानावर जाता येत असेल तर ‘मुख्य पान’ म्हणा. त्याचा रंग आणि आकार मला नको. नुसती वेलबुट्टी असेल तर आल्ट ठेवा, पण रिकामं ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडून जातो. आल्ट मुळातच नसेल तर काही वेळा तो फाइलचं नाव वाचत सुटतो, आकड्यांसकट.

खरा वैताग पोस्टरचा. तारीख, वेळ, ठिकाण सगळं चित्रात आणि खाली फक्त ‘अवश्य यावे’. कुठे यावे? तो मजकूर पानावर टाइप करा. फोनवर बोटांनी चित्र मोठं करून वाचणारेही सुटतील.

प्रश्न : डिझायनरला फिकट करडी अक्षरं आवडतात. किती फिकट चालतील?

उत्तर : अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ : १. पांढऱ्यावर ९९९९९९ या क्रमांकाचा करडा रंग २.८ च्या आसपासच जातो. ७६७६७६ घेतला की जेमतेम पास. आवडीनिवडीवर बोलूच नका, आकडा दाखवा.

प्रश्न : आमची साइट पूर्ण मराठीत आहे, तरी एका अंध मित्राच्या फोनवर ती धड वाचली जात नाही. दोष फोनचा का?

उत्तर : आधी पानाची भाषा तपासा. तयार साच्यातून साइट केली की कोडच्या सुरुवातीला भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, अशीच राहून जाते. स्क्रीन रीडर त्यावर विश्वास ठेवून इंग्रजी आवाज लावतो आणि देवनागरी समोर आली की तो आवाज गप्प बसतो किंवा सुटी अक्षरं बडबडतो. तिथे ‘एमआर’ करून घ्या, आणि मित्राच्या फोनमध्ये मराठी आवाज उतरवलेला आहे ना, तेही पाहा.