दगडू आणि नकुशी

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

शाळेच्या प्रकल्पासाठी आपल्या घराण्याची वंशावळ उतरवून घेताना तू दोन नावांपाशी अडलीस: तुझे पणजोबा दगडू आणि त्यांची धाकटी बहीण नकुशी. बाळाला कोणी दगड का म्हणेल आणि ‘नकोशी’ असे नाव आईवडील ठेवतीलच कसे, असे तू विचारलेस. वंशावळीत ही दोन नावे शेजारी शेजारी असली तरी त्यांच्यामागच्या भावना एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देवी, पटकी आणि नवजात बाळांना होणारा धनुर्वात यांनी गावोगावी पाळणे रिकामे होत असत, त्या काळातले दगडू हे नाव आहे. मूल देखणे असले, त्याचे फार कौतुक झाले, की त्याला दृष्ट लागते आणि काळाची नजर त्याच्याकडे वळते, असा लोकांचा ठाम समज होता. ज्या घरात आधीची मुले दगावली असतील, तेथे नव्या बाळाला मुद्दाम कोणालाही हेवा वाटणार नाही असे नाव देत: दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिरडा. नुसत्या नावावर भागत नसे. बाळाला सुपात घालून उकिरड्यापाशी नेत आणि क्षणभर तेथे ठेवीत. आधीच सांगून ठेवलेली शेजारीण ते सूप उचलून घेई, आणि आई तिच्या हातावर पैसा किंवा ओंजळभर धान्य ठेवून स्वतःचेच मूल तिच्याकडून विकत घेई. हे मूल आमचे नव्हेच, केरात सापडले, त्याच्यासाठी येथे येण्याचे कारण नाही, असे मृत्यूला पटवून देण्याचा तो खटाटोप होता. कोठे मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी म्हणून वाढवीत, त्यावरून नथू हे नाव पडे. कोठे आई पदर पसरून दारोदार मागे आणि मूल भिकेत मिळाले असे सांगे, तो भिकू किंवा भिकाजी. नुकतीच बाळंत झालेली, आधीची मुले गमावलेली ती बाई कोणत्या मनाने सूप खाली ठेवीत असेल, याचा विचार केला की मला ही नावे हसण्यासारखी वाटत नाहीत. तुझ्या पणजोबांच्या आधीची भावंडे अशीच तान्ही असताना गेली होती. दगडू या नावात पणजोबांना मृत्यूपासून लपवण्याची धडपड होती आणि हा तरी दगडासारखा टिकू दे, अशी आशाही होती.

धोंडू या नावाचा मात्र आणखी एक उगम आहे, आणि वंशावळी वाचताना तो ध्यानात ठेवावा लागतो. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात जन्मलेल्या मुलाचेही नाव धोंडू ठेवीत. त्याच महिन्याला पुरुषोत्तम मास असेही म्हणत असल्यामुळे दुसऱ्या एखाद्या घरी तेच मूल पुरुषोत्तम होई. तेव्हा धोंडो नाव दिसले की त्यामागे दुःखच असेल असे समजू नये. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले, त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले आणि ते वयाच्या १०४ व्या वर्षापर्यंत जगले.

नवसाची नावे तर सगळीकडे सापडतात. खंडोबाला बोललेल्या नवसाचा खंडू, मल्हारी किंवा मार्तंड, भैरोबाचा भैरू, म्हसोबाचा म्हसू. बाळाच्या जन्मानंतरच्या पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याचे नशीब कपाळी लिहिते, असे मानतात, तिच्यावरून सटवाजी. नवस बोलताना धर्मही आड येत नसे: मालोजीराजे भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगितले जाते.

तुझे नाव आम्ही निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या चार भावंडांवरून ठेवले, हे तुला ठाऊक आहे. ही चार नावे ओळीने म्हणून पाहा. संसारापासून निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि शेवटी मुक्ती, असा एक मार्गच विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंच्या घरात पाळण्यापासून हाका मारीत होता. मराठीत यापेक्षा सुंदर नामकरण मला माहीत नाही.

आता नकुशी. एकापाठोपाठ एक मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव देत, आणि ते देवाने ऐकावे व पुढच्या खेपेस मुलगा द्यावा, अशी अपेक्षा असे. दगडूच्या नावात आईवडील लोकांसमोर एक बोलत होते आणि मनात दुसरेच होते. नकुशीच्या नावात मनात होते तेच ते बोलून दाखवीत होते. आयुष्यभर प्रत्येक हाकेत ते त्या मुलीला ऐकावे लागे. जुन्या लोकांचा काळच वेगळा होता असे म्हणून मी याची पाठराखण करणार नाही, आणि ही गोष्ट केवळ जुनी आहे असेही नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली, म्हणजे अगदी अलीकडे, हे नाव धारण करणाऱ्या २८५ मुलींचे प्रशासनाने समारंभपूर्वक पुन्हा नामकरण केले. कोणी नटीचे नाव घेतले, कोणी वैशालीसारखे घरगुती नाव पसंत केले. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, यावरून नाव बदलले तरी काम किती उरले होते ते दिसते.

वंशावळीत पणजोबांचे नाव दगडू असेच लिही. त्यांना त्याची लाज कधी वाटली नाही. त्यांच्या बहिणीला लग्नात, ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून, सासरचे नवे नाव मिळाले होते. पुढे सगळे गाव तिला त्याच नावाने ओळखत होते आणि तिनेही माहेरचे नाव परत घेतले नाही. म्हणून तिचे सासरचे नाव आधी लिही आणि त्याखाली, बारीक अक्षरात, नकुशी. ते नाव आणि तिच्या सासरच्या गावाचे नाव आजीला नीट आठवते. रविवारी तिला फोन करशील तेव्हा विचारून घे, आणि घरातल्या इतर बायकांची माहेरची नावेही तेव्हाच लिहून घे, कारण माझ्याजवळच्या कागदात ती कोठेच नाहीत.

तुझा,
बाबा