"नेहमी वापरतो" म्हणाला की लगेच टिक करू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. क्लिनिकमधल्या पहिल्याच आठवड्यात वैतागलीस, कारण कंडोम नेहमी वापरतो म्हणणाऱ्या पेशंटचा गनोरियाचा (संबंधातून लागणारा आजार) रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तुला वाटलं तो तोंडावर खोटं बोलला. असेलही. पण आधी आपला प्रश्न कसा होता ते बघ ना. "कंडोम वापरता का?" असं विचारल्यावर माणूस दुसरं काय बोलणार, समोर तू कार्ड भरत बसलेली, बाहेर रांग, त्याला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालेलं, तो हो म्हणून मोकळा होतो.

त्यापेक्षा शेवटच्या वेळचं विचार. कधी संबंध आला, कंडोम होता का, कधी चढवला, मधेच काढला का, फाटला-निसटला का. आणि ओरलचं, म्हणजे तोंडाने केलेल्या संबंधाचं, वेगळं विचार, कारण ते लोक धरतच नाहीत आणि गनोरिया घशातही होतो.

माझ्याकडे एकजण यायचा, दर वेळी "मॅडम, शंभर टक्के". एकदा लाकडी मॉडेल पुढे केलं, म्हटलं दाखवा बरं. त्याने पाकीट दाताने फाडलं, कंडोम उलटा ठेवला, उलगडेना तर तोच पलटून चढवला. वर सहज म्हणाला, आम्ही शेवटी-शेवटीच घालतो, आधी घातला की मजा जाते. म्हणजे खोटं एक अक्षर बोलला नव्हता गं तो!

तर उलटा ठेवला गेला की फेकायचा, नवा घ्यायचा, कारण टोकाला लागलेला स्राव पलटल्यावर बाहेरच्या बाजूला येतो. असं कारणासकट सांगितलं की पेशंटच्या लक्षात राहतं. तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशनने लेटेक्स कमजोर होतं, वॉटर बेस्ड किंवा सिलिकॉनचं ल्युब (ओलाव्यासाठी लावायचं जेल) चालतं. गर्भ राहण्याचा आकडा बघ, वर्षभर अगदी बरोबर वापरला तर 100 पैकी साधारण 2 जणींना दिवस जातात, लोक प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला तर 13. कंडोम तोच!

पण म्हणून त्याला पूर्ण सेफ म्हणू नकोस. एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडियाला तो चांगला अडवतो, हर्पीस, सिफिलीस, एचपीव्ही मात्र न झाकलेल्या कातडीतूनही लागतात. हे लपवलंस आणि नंतर काही निघालं तर तो पेशंट परत येणार नाही, आणि कंडोमही सोडेल.

बायकांना "नवऱ्याला वापरायला लावा" म्हणून पाठवू नकोस प्लीज. लावता आलं असतं तर ती इथे आली असती का? आधी एकटीशी बोल, घरी हा विषय काढला तर मार पडेल का ते विचार, मग फीमेल कंडोम, म्हणजे बाईने स्वतः आत घालायचा, तो दाखव.

आणि त्या तुझ्या पेशंटच्या पार्टनरची ट्रीटमेंट झाली का? सात दिवस संबंध नको हे सांगितलंस का? तीन महिन्यांनी परत टेस्टला येईल तेव्हा मॉडेल टेबलावर काढून ठेव, कार्ड नंतर भर.

तुझी मॅडम