सगळ्यांना येते त्या भाषेत मराठीचे प्राध्यापक संशोधन कसलं करतात?

तुम्ही लिहिलंय, "मराठीत एम.ए. करतेय, पुढे पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचंय. घरचे म्हणतात, सगळ्यांना येते त्या भाषेत शोधायचं काय?" हा प्रश्न मी थोरल्या दिरांच्या तोंडून दर दिवाळीला ऐकते, म्हणून जरा लांबण लावते.

मी सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या जत तालुक्यातली. आई कानडी, वडील मराठी. भांडण कानडीत सुरू व्हायचं आणि मराठीत मिटायचं, असं घर. बी.ए. सांगलीत, एम.ए. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. मग एका कॉलेजात मुलाखतीला गेले. तज्ज्ञांपैकी एका सरांनी आपुलकीनं विचारलं, "एवढ्या लांबून कशा आलात?" मी म्हटलं, "पहाटेच्या एस.टी.नं आलो, सर." टेबलापलीकडचे चौघंही हसले. सर म्हणाले, "आलो? मराठीच्याच जागेसाठी ना तुम्ही?" पुढं ज्ञानेश्वरीवर काय विचारलं ते आठवत नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून त्याची वात झाली होती, ते आठवतं. जागा दुसऱ्याला गेली.

जत, मिरज, कोल्हापूरकडं बाया "मी आलो, मी जेवलो" म्हणतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यावर हशाही पिकतो. का म्हणतात, ते कुणी विचारत नाही. माझी पीएच.डी. त्या "का"वर झाली. विषय रागातून सुचला, खोटं कशाला बोलू.

कानडीत "नानु बंदे" बाईही म्हणते आणि पुरुषही. स्वतःबद्दल बोलताना क्रियापद लिंग दाखवत नाही. तो आला, ती आली म्हणताना मात्र "बंदनु" आणि "बंदळु" वेगळं होतं. आमच्या बाया हुबेहूब असंच बोलतात. स्वतः "आलो", पण जाऊ "आली"च. अडाणीपणा असता तर जाऊही "आला" झाली असती.

जुनं लिखाण चाळताना गंमत कळली. इंग्रजी अमदानीत जॉर्ज ग्रियर्सननं भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं, त्याचा मराठीचा सातवा खंड १९०५ सालचा. बोलींची तुलना करता यावी म्हणून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट जागोजागच्या बोलीत करून घेतलेली. त्या गोष्टीत बोलतात कोण? बाप, दोन मुलगे आणि एक नोकर. बाई एकही नाही. मग बाई "मी आलो" म्हणते की "मी आले", हे त्या गोष्टीतून कळणार कसं? (त्यात इतर नमुनेही आहेत, पण मुख्य गोष्ट हीच.)

म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडवर गेले. बाया बेदाणा निवडत बसलेल्या. बटण दाबलं की सगळ्या "मी सकाळी आले" म्हणायच्या. शाळेत बसल्यासारख्या. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं सांगितलेली अडचण ही: लोक एरवी कसे बोलतात ते ऐकायचंय, पण ऐकायला कुणी बसलं की ते तसं बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी मीही निवडायला बसले, मशीन चालू आहे हे सगळ्या विसरल्या, आणि एकजण मुकादमावर घसरली, "भाकरी टाकून आलो, धाकट्याला आंघोळ घालून आलो, आन् ह्यो म्हंतोय उशीर झाला!" त्या कॅसेटवर बेदाण्याच्या काड्या मोडल्याचा आवाजसुद्धा आहे. नंतर तिला ते ऐकवलं आणि वापरू का विचारलं. ती म्हणाली, "वापरा की, पण मुकादमाला नका ऐकवू."

काही वर्षांनी एका चर्चासत्रात मी निबंध वाचला आणि अध्यक्ष म्हणून तेच सर! म्हणाले, "हा बोलीचा दोष आहे, त्याला सिद्धान्ताची झूल कशाला?" मी तेव्हा गप्प बसले, म्हणून इथं सांगते. सर, प्रमाण मराठीतही "मी येईन" बाई आणि पुरुष सारखंच म्हणतात. तिथं कुणी हसत नाही. भविष्यकाळात चालतं ते भूतकाळात दोष कसं झालं?

आता एक कबुली. कानडीमुळंच हे झालं, असं मी पूर्वी छातीठोक सांगायची. आता जपून सांगते. नियम सारखा दिसला म्हणून तो उसना घेतला हे सिद्ध होत नाही, आणि तुमच्या प्रबंधात ही चूक करू नका.

शिकवायचं म्हणाल तर साहित्याचे पेपर जास्त असतात, व्याकरणाला मुलं नाक मुरडतात. मी पहिल्या तासाला "आपण जाऊ" आणि "आम्ही जाऊ" एवढंच फळ्यावर लिहिते. ऐकणाऱ्याला सोबत धरलं की वगळलं, हा फरक हिंदीच्या "हम"ला दाखवता येत नाही म्हटलं की मागचा बाक जागा होतो. माझे सहकारी संतसाहित्य, दलित साहित्य, हस्तलिखितं, कोश यांवर काम करतात. त्यांच्याबद्दल त्यांनाच विचारा.

नोकरीचं खरं सांगायचं तर अवघड आहे. एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा झाल्यावरही तासिका तत्त्वावर वर्षं जातात, माझी सहा गेली. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. आणि विषय मार्गदर्शक सुचवतील तो लगेच घेऊ नका. आधी आजीजवळ बसा, फोन उशीखाली ठेवून.