हेक्टर दरवाजाबाहेर का थांबला

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ग्रीकांनी ट्रॉय शहराशी केलेल्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य, म्हणजे इलियड, त्याचे २४ही सर्ग संपवलेस याचा आनंद झाला, आणि यंदाच्या पावसाळी ट्रेकला लीडर म्हणून तू जाणार आहेस हे वाचून तर जास्तच झाला. शेवटी तू विचारलं आहेस, की या सगळ्या वीरांमधून नेता म्हणून शिकावं ते कोणाकडून.

अ‍ॅगामेम्नॉनचं म्हणजे ग्रीकांच्या सरसेनापतीचं नाव तू स्वतःच खोडलंस, ते बरं केलंस. होमर त्याला 'लोकांचा मेंढपाळ' म्हणतो, आणि पहिल्याच सर्गात हा मेंढपाळ मुलीला सोडवायला आलेल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला हाकलून लावतो. त्या पुजाऱ्याच्या प्रार्थनेवरून नऊ दिवस अपोलो देवाचे रोगराईचे बाण छावणीवर पडतात, चिता जळत राहतात, तरी सभा बोलावतो तो अकिलीस, ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा. पुढे अकिलीस रुसून बाजूला बसतो आणि त्या रागाची किंमत त्याच्याच बाजूची माणसं मोजतात. मूळ ग्रीक काव्याचा पहिला शब्दच 'क्रोध' आहे. मला ट्रॉयच्या बाजूनं लढणारा लिकियाचा राजा सार्पेडॉन फार आवडतो. बाराव्या सर्गात तो आपल्या सोबत्याला, ग्लॉकसला, विचारतो, लिकियात आपल्याला मानाचं आसन, मांसाचा चांगला वाटा, भरलेले प्याले, झँथस नदीकाठची जमीन हे सगळं कशासाठी मिळतं? मग स्वतःच सांगतो, की म्हणूनच आता पहिल्या फळीत उभं राहायचं. पण हे तुला सांगायला नको. तू पुढे उभी राहणारच.

मला बोलायचं आहे ते ट्रॉयचा राजपुत्र आणि सेनापती हेक्टर याच्याबद्दल. तुझा स्वभाव त्याच्या वळणाचा आहे, म्हणून.

तुझ्या पत्रात पॉलिडामासचं नाव कुठेच नाही. बहुतेकांच्या वाचनातून तो निसटतो. तो हेक्टरचा सोबती, दोघं एकाच रात्री जन्मलेले. एक भाल्यात सरस, दुसरा बोलण्यात, असं होमर सांगतो. ग्रीकांच्या खंदकापाशी घोडे अडतात तेव्हा पॉलिडामास म्हणतो, रथ इथेच ठेवू, पायी आत शिरू. हेक्टर लगेच रथातून खाली उडी मारतो. थोड्या वेळानं एक गरुड पंजातला साप सैन्यावर टाकून उडून जातो. पॉलिडामास म्हणतो, आता मागे फिरू. या वेळी हेक्टर त्याला भाल्याची धमकी देतो आणि म्हणतो, शकुन एकच खरा, आपल्या देशासाठी लढणं. वाक्य इतकं देखणं आहे की वाचताना आपणही हेक्टरच्या बाजूनं मान डोलावतो. तेराव्या सर्गात ट्रॉयची माणसं मार खात असताना मात्र तो पुन्हा पॉलिडामासचं ऐकतो.

नीट पाहा. हेक्टर हेकट नाही. अडलेला असला की ऐकतो. जिंकत असला की त्याच माणसाचा आवाज त्याला भेकड वाटू लागतो.

अठराव्या सर्गातली रात्र आठव. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मारला गेला आहे, अकिलीस खंदकावर येऊन तीनदा गर्जला आहे. ट्रॉयच्या सैन्याची सभा भरते ती उभ्यानंच, खाली बसायची कोणाची छाती होत नाही. पॉलिडामास सांगतो, रात्रीतच शहरात जाऊ, उद्या तटावरून लढू. अकिलीसनं आपल्याला मैदानात गाठलं तर कुत्री आणि गिधाडं कित्येकांना खातील. हेक्टर उत्तरतो, बुरुजाआड कोंडून घ्यायचा तुम्हाला अजून कंटाळा आला नाही? तुझं इथं कोणी ऐकणार नाही, मी ऐकू देणार नाही. आणि सगळं सैन्य त्याचा जयजयकार करतं. 'मूर्ख', असं होमर त्यांना म्हणतो. अथेना देवीनं त्यांची बुद्धी हरली होती. विदुराचं बोलणं ऐकूनही न ऐकणाऱ्या सभेची तुला आठवण होईल, पण धृतराष्ट्र मोहानं आंधळा होता. हेक्टर निर्मळ मनाचा आहे, त्याला टाळ्याही निर्मळ मनानंच मिळतात, म्हणून ही सभा मला जास्त भिववते.

आता सहावा आणि बाविसावा सर्ग शेजारी शेजारी ठेवून वाच. सहाव्यात त्याची बायको अँड्रोमाकी त्याला विनवते, की इथं बुरुजावर थांब, सैन्य जंगली अंजिराच्या झाडापाशी उभं कर, तिथं तट चढायला सोपा आहे. तो म्हणतो, मी मागे राहिलो तर ट्रॉयच्या पुरुषांपुढे आणि लांब पायघोळ वस्त्रांच्या बायकांपुढे मला लाज वाटेल. मग तान्हं पोर त्याच्या शिरस्त्राणावरच्या घोड्याच्या केसांच्या तुऱ्याला घाबरून रडतं, तो हसतो, शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि पोराला उचलून घेतो. त्या क्षणी हेक्टर आपला होऊन जातो.

बाविसाव्यात सगळं सैन्य तटाच्या आत पळालं आहे आणि तो एकटा दरवाजाबाहेर उभा आहे. वरून त्याचा म्हातारा बाप, राजा प्रायम, ओरडतो, पोरा, आत ये, ट्रॉयच्या पुरुषांना आणि बायकांना वाचवायला आत ये. हेक्टर स्वतःशी बोलतो: आत गेलो तर पहिला बोल लावील तो पॉलिडामास. त्याचं ऐकलं असतं तर किती बरं झालं असतं. माझ्या उतावळेपणानं मी माझी माणसं घालवली. आता मला ट्रॉयच्या पुरुषांपुढे आणि लांब पायघोळ वस्त्रांच्या बायकांपुढे लाज वाटते. मूळ ग्रीकमध्ये ही सहाव्या सर्गातलीच ओळ आहे, शब्दन् शब्द तीच. ज्या लाजेनं त्याला वीर केलं, तिनंच त्याला दरवाजाबाहेर उभं ठेवलं. ज्यांच्यासाठी आत यायला बाप हाका मारतो आहे, त्यांच्याच पुढे जायला तो लाजतो. अकिलीसपुढे मरणं त्याला जमतं. पॉलिडामासला 'तुझं बरोबर होतं' म्हणणं जमत नाही.

मी हे पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. तीस वर्षांपूर्वी, माझ्या चौथ्या का पाचव्या ट्रेकला, ओढ्यापाशी एक अबोल मुलगा म्हणाला, "दादा, पाण्याचा रंग बदललाय." सकाळपासून आम्ही वेळेच्या पुढे होतो, सगळे जोशात होते. मी म्हटलं, दोर लावू आणि जाऊ. चौघं गेले, पाचव्याचा पाय दोन दगडांत अडकून मोडला. त्याला उचलून खालच्या गावात आणलं. हा अबोल मुलगा बाकीच्यांबरोबर आधीच एका घराच्या पडवीत पोहोचला होता, आणि मी अर्धा तास त्या पडवीत पाऊल टाकलं नाही. पावसात बाहेर उभा राहिलो. पाय मोडलेला मुलगा कण्हत होता, जीप शोधायची होती, आणि मी त्या पोराच्या नजरेला नजर द्यायची टाळत होतो. ओढ्यावरची चूक मी स्वतःला केव्हाच माफ केली. तो अर्धा तास अजून जात नाही.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री, सामान मोजून झालं की, तुमच्यातल्या एकाला सगळ्यांसमोर सांगून ठेव: मी ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा बोल, मोठ्यानं बोल. त्यासाठी तुझ्या हो ला हो न म्हणणारा माणूस निवड. ट्रेक झकास चालला असेल, फोटो निघत असतील, तेव्हा त्याला मुद्दाम विचार. आणि चुकलीस तर आधी पडवीत जा.

जायच्या आधी एकदा बाविसावा सर्ग मोठ्यानं वाच. अकिलीस मागे आणि हेक्टर पुढे, अशी शहराभोवती तीन फेऱ्यांची धाव आहे. धावताना ते अंजिराच्या झाडावरून जातात. मग दोन झरे लागतात, एकातून वाफ निघते, दुसरा गारेसारखा थंड, आणि शेजारी दगडी धोणी आहेत, जिथं ग्रीक येण्यापूर्वी, शांततेच्या दिवसांत, ट्रॉयच्या बायका आणि मुली धुणं धुवायच्या. तिथं घाई करू नकोस. पुढे अँड्रोमाकी येईल. घराच्या आतल्या दालनात ती जांभळं वस्त्र विणते आहे, त्यात रंगीत फुलं घालते आहे. तिला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. ती दासींना हाक मारून मोठं भांडं चुलीवर चढवायला सांगते, हेक्टर लढाईवरून आला की त्याला आंघोळीला गरम पाणी हवं म्हणून.

परत आलीस की ये.

तुझा,
काका