मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रात विश्वास आणि धैर्य या सद्गुणांचा एकमेकांशी संबंध होता का?

होता, आणि चांगलाच जवळचा. घोळ होतो तो आपल्या शब्दामुळे. मराठी बायबलात 'विश्वास, आशा, प्रीती' यांतला विश्वास म्हणजे लॅटिनमधला 'फिदेस', देवानं सांगितलं ते खरं मानणं. पण 'जमेल मला' किंवा 'तो येईल मदतीला' हा जो भरवसा असतो, त्याला वेगळा शब्द होता, 'फिदुकिया'. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या धर्मशास्त्रज्ञानं 'सुम्मा थिओलोजिए' या आपल्या मोठ्या ग्रंथात हा भरवसा धैर्याच्या घरात नेऊन बसवला. प्राचीन रोमन लेखक सिसरोनं धैर्याचे जे चार भाग सांगितले होते त्यांत तो आधीपासून होताच.

थॉमसची उदाहरणं अगदी साधी आहेत. तब्येत ठणठणीत आहे हे पाहून माणसाला बरीच वर्षं जगण्याचा भरवसा वाटतो. मित्र वजनदार आहे हे पाहून तो आपल्याला मदत करील असं वाटतं. म्हणजे भरवसा ही आशाच, पण काहीतरी बघून पक्की झालेली. धैर्याच्या या घरात थॉमस भरवसा मनाच्या मोठेपणाशी जोडतो. मोठ्या मनाच्या माणसाला कुणाची गरज नसते, असं ॲरिस्टॉटल म्हणाला होता. थॉमस तिथे हळूच दुरुस्ती करतो: माणसाच्या मानानं बोलायचं तर देवाची गरज प्रत्येकाला असते आणि माणसांचीही, कारण माणूस एकटा जगणारा प्राणीच नाही. दुसऱ्यावर विसंबणं हे इथे मोठेपणातच धरलंय. मला हे वाचताना फार आवडलं होतं.

आता धैर्य. याला 'धाडस' म्हणू नका. अति धाडस थॉमसच्या यादीत दुर्गुण आहे, आणि अजिबात भीती न वाटणं हाही. आपला 'धीर धरणे' हा प्रयोग जास्त जुळतो. चाल करून जाण्यापेक्षा टिकून राहणं अवघड, असं तो म्हणतो, आणि कारणं देतो: सोसणाऱ्याच्या समोरचा बहुधा वरचढ असतो, संकट पुढे कधीतरी यायचं नसून आत्ता अंगावर आलेलं असतं, आणि सोसणं बराच वेळ चालतं. म्हणून धैर्याची सर्वांत मोठी कृती त्याच्या लेखी हौतात्म्य, शत्रूला लोळवणं नव्हे.

प्रॉटेस्टंट पुस्तकं वाचून हा प्रश्न पडला असेल तर एक लक्षात घ्या: सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरनं हाच भरवसा उचलून विश्वासाच्या, म्हणजे 'फिदेस'च्या, गाभ्यात नेला. त्यामुळे 'विश्वास' म्हणताना कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट लोक एकच गोष्ट बोलत नसतात.