इंग्रजीतल्या ‘हार्ल’ शब्दाला ‘तंतू’ आणि ‘भिंतीचा लेप’ असे दोन अर्थ कसे?

मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं एक. मीही यात फसलोय. भाषांतराच्या एका कामात स्कॉटलंडमधल्या जुन्या गढीचं वर्णन होतं. मी शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलला आणि गढीच्या भिंतींना ताग गुंडाळून मोकळा झालो! संपादकांनी विचारलं, “पावसाळ्यात कुजत नाही का हो?”

तंतूवाला ‘हार्ल’ म्हणजे जवस किंवा हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या) काडीतून निघणारा धागा. घायपाताचा वाख पाहिला असेल तर लगेच कळेल. मोराच्या किंवा शहामृगाच्या पिसाच्या एकेका केसालाही हार्ल म्हणतात. तिथे ‘ए’ऐवजी ‘ई’ घालून ‘हर्ल’ असंही लिहितात.

भिंतीवाला शब्द स्कॉटलंडचा. चुना, वाळू आणि बारीक खडी ओली कालवून तो माल थापीने भिंतीवर जोरात फेकायचा, म्हणजे हार्लिंग. आपले गवंडी माल मारतात तसंच, फक्त वरून घोटून गुळगुळीत करत नाहीत. खडबडीतपणामुळे बाष्पीभवनाला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी त्याजागी सिमेंट मारलं, तेव्हा ओल आतच कोंडली. ॲबर्डीनशरमधली 1626 च्या सुमारास पुरी झालेली क्रेगीव्हारची गुलाबी गढी हार्लिंगचीच. स्टर्लिंग किल्ल्याच्या मोठ्या दिवाणखान्याला 1999 पर्यंत चाललेल्या जीर्णोद्धारात हार्लिंग करून पिवळट सोनेरी रंग दिला, तेव्हा करड्या दगडाला सरावलेले लोक चांगलेच नाराज झाले. मला तर तो रंग आवडतो.

हार्ल आणि पेबल-डॅश एकच, असं काही जण सांगतील. तसं नाही. पेबल-डॅशमध्ये ओल्या गिलाव्यावर खडे वेगळे मारतात, त्यामुळे ते उघडे दिसतात. हार्लमध्ये खडी मालातच असते.

स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत ‘हार्ल’चा आणखी एक अर्थ आहे, फरफटत ओढणे. तिथल्या टे नदीवर होडीमागे गळ सोडून सॅमन मासे पकडण्याच्या पद्धतीला म्हणूनच हार्लिंग म्हणतात. आता गंमत बघा, गळाला लावायच्या नकली माश्या बांधताना मोरपिसाचे केस वापरतात. म्हणजे टे नदीवरचा एखादा कोळी हार्ल बांधलेली माशी लावून हार्लिंग करत असेल, आणि तरी त्या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नसेल.